सायटोकाइन म्हणजे काय? शरीरातले मेसेज आणि आमवातासारखे ऑटोइम्यून आजार



आपण इथे सहसा फोन, अ‍ॅप, बॅटरी, प्रायव्हसी सेटिंग असल्या विषयांवर बोलतो. आजचा विषय वेगळा आहे, पण त्याची सुरुवात फोनवरूनच झाली. माझ्या मावशीने एक दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर लॅबच्या रिपोर्टची पीडीएफ पाठवली. त्यात सीआरपीसमोर ४८ लिहिलं होतं आणि बाजूला जाड अक्षरात ‘हाय’. आरए फॅक्टर पॉझिटिव्ह, अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह, हिमोग्लोबिन ९.२. खाली तिचा व्हॉइस मेसेज: “अरे, बघ ना जरा काय आलंय ते. माझी इम्युनिटी कमी झालीय का? म्हणून हात दुखतात का?”

घरात मी ‘कॉम्प्युटरवाला’ आहे, त्यामुळे प्रिंटर अडकला तरी मला फोन आणि रिपोर्ट आला तरी मलाच. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी जे वाचलं, तिच्या डॉक्टरांना जे विचारलं आणि मध्ये ज्या चुका केल्या, ते सगळं इथे लिहितोय. कारण तिचा प्रश्न उलटा होता. तिची इम्युनिटी कमी झालेली नव्हती, ती थांबायला तयार नव्हती.

सायटोकाइन म्हणजे नक्की काय?

आपल्या शरीरात पांढऱ्या पेशी असतात, त्या जंतूंशी लढतात, एवढं आपण शाळेत शिकलोय. पण या पेशी एकमेकींशी बोलतात कशा? त्यांच्यात वायर नाही आणि सगळ्यांवर लक्ष ठेवणारा कोणी अ‍ॅडमिनही नाही. एक पेशी एक छोटंसं प्रथिन बाहेर सोडते आणि दुसऱ्या पेशीच्या अंगावर त्या प्रथिनाला बरोबर बसेल असा रिसेप्टर असतो. प्रथिन तिथे बसलं की दुसऱ्या पेशीच्या आत काही तरी सुरू होतं किंवा बंद होतं. या निरोप्या प्रथिनांना सायटोकाइन म्हणतात.

फोनच्या भाषेत सांगायचं तर नोटिफिकेशन. पण ही तुलना अर्धीच खरी आहे. नोटिफिकेशन ठरलेल्या एका फोनवर येतं. सायटोकाइन आजूबाजूला पसरतं आणि ज्याच्याकडे रिसेप्टर आहे तो प्रत्येक जण ते वाचतो. शिवाय एकच मेसेज वेगवेगळ्या पेशी वेगवेगळा वाचतात. त्याच आयएल-६ मुळे यकृत एक काम करतं, हाडातल्या पेशी दुसरं आणि मेंदू तिसरंच. आणि हे सगळं किती कमी मालात चालतं? रक्तात यांचं प्रमाण एका मिलिलिटरमागे काही पिकोग्रॅम इतकंच असतं. एक पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग.

तुम्हाला ताप येतो तेव्हा तो थेट जंतू आणत नाही. टीएनएफ, आयएल-१ आणि आयएल-६ ही सायटोकाइन मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागापर्यंत निरोप पोचवतात, तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं आणि शरीराचा थर्मोस्टॅट वर सरकतो. पॅरासिटामॉल त्या प्रोस्टाग्लँडिनवर काम करतं. अंग मोडून येणं, भूक जाणं, नुसतं पडून राहावंसं वाटणं, हे सगळं त्याच मेसेजमुळे. लस घेतल्यावर एक दिवस कणकण येते, ती पण यातलीच.

नावं डोकं फिरवणारी आहेत, त्याला इतिहास कारण आहे. १९५७ मध्ये लंडनला अ‍ॅलिक आयझॅक्स आणि जीन लिंडेनमन यांना विषाणूच्या वाढीत अडथळा आणणारा एक पदार्थ सापडला, त्याला त्यांनी इंटरफेरॉन म्हटलं. पुढे प्रत्येक प्रयोगशाळा आपापल्या प्रथिनाला आपापलं नाव द्यायला लागली आणि एकाच प्रथिनाची चार-चार नावं झाली. शेवटी १९७९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका बैठकीत ‘इंटरल्युकिन’ आणि पुढे नंबर अशी पद्धत ठरली. आयएल-१, आयएल-२, असे आता तिसाच्या पुढे नंबर गेलेत. आपल्या गोष्टीतला मुख्य नायक किंवा खलनायक मात्र या नंबरात नाही. त्याचं नाव टीएनएफ.

मग ऑटोइम्यून म्हणजे काय?

रोगप्रतिकारशक्तीला दोन गोष्टी जमाव्या लागतात: परका कोण हे ओळखणं आणि काम झालं की थांबणं. ऑटोइम्यून आजारात आधी ओळख चुकते, आपल्याच शरीराचा एखादा भाग परका वाटतो. आमवातात, म्हणजे डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात त्यात, शरीर स्वतःच्याच काही बदललेल्या प्रथिनांविरुद्ध अँटिबॉडी बनवतं. रिपोर्टमधली अँटी-सीसीपी ही तीच अँटिबॉडी. गंमत (खरं तर गंमत नाही) अशी की ही अँटिबॉडी रक्तात दिसायला लागल्यावर कधी कधी काही वर्षांनी सांधे दुखायला लागतात. म्हणजे नुसती चुकीची ओळख पुरेशी नाही. ती आग पेटवणारे आणि पेटती ठेवणारे मेसेज पण लागतात.

हे का होतं, याचं एका वाक्यात उत्तर नाही. काही जनुकांमुळे शक्यता वाढते. पण अगदी एकसारख्या जुळ्या भावंडांत एकाला आमवात झाला तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपासच आहे. म्हणजे जनुकं तीच असूनही बहुतेक वेळा दुसरा वाचतो. सिगारेटने धोका नक्की वाढतो. पुरुषांपेक्षा बायकांना हा आजार दोन ते तीन पट जास्त होतो. मावशीला मात्र सगळ्यांनी सांगितलं की “थंड पाण्यात भांडी घासलीस म्हणून”. तिने वर्षभर ते खरं मानलं आणि स्वतःलाच दोष दिला. याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

सांध्याच्या आत काय चालतं?

गुडघा किंवा बोटाचा सांधा घ्या. त्याच्या आतून एक पातळ अस्तर असतं, सायनोव्हियम. निरोगी माणसात ते एक-दोन पेशींच्या थराएवढं पातळ असतं, सांध्याला वंगण पुरवतं आणि गप्प बसतं. आमवातात या अस्तरात पांढऱ्या पेशी गर्दी करतात. त्यातल्या मॅक्रोफेज नावाच्या पेशी टीएनएफ सोडतात, आणि पुढे साखळी सुरू होते.

टीएनएफ जवळच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंती चिकट करतं. वाहत्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे अडकतात आणि भिंतीतून सांध्यात उतरतात. आलेल्या पेशी स्वतः आणखी मेसेज सोडतात: आयएल-१, आयएल-६, आणखी टीएनएफ. अस्तर जाड होत जातं आणि सांधा सुजतो. अस्तरातल्या पेशी कूर्चा विरघळवणारी एन्झाइम सोडायला लागतात. आणि शेवटी हाड खाणाऱ्या पेशी जाग्या होतात. अशा पेशी आपल्या शरीरात नेहमीच असतात, जुनं हाड खाऊन नव्याला जागा करून देणं हे त्यांचं रोजचं काम. इथे त्यांना गरजेपेक्षा जास्त काम दिलं जातं. झिजलेलं हाड परत पहिल्यासारखं होत नाही, म्हणूनच डॉक्टर उपचार लवकर सुरू करा म्हणून मागे लागतात.

आता मावशीच्या रिपोर्टकडे परत येऊ. आयएल-६ रक्तातून यकृतात पोचतं आणि यकृत सीआरपी नावाचं प्रथिन भराभर बनवायला लागतं. सीआरपी ४८ म्हणजे शरीरात कुठे तरी मोठ्याने आरडाओरडा चालू आहे एवढंच. कुठे आणि का, ते सीआरपी सांगत नाही. साध्या न्यूमोनियातही ते वाढतं. त्यामुळे नुसता सीआरपी बघून नेटवर आजार शोधत बसू नका.

आणि हिमोग्लोबिन? मला वाटलं होतं हा वेगळा प्रॉब्लेम असेल. मावशी सहा महिने लोहाच्या गोळ्या घेत होती, बीट खात होती, गूळ-शेंगदाणे चालू होते, पण आकडा हलत नव्हता. त्यामागेही तोच आयएल-६ निघाला. त्याच्या सांगण्यावरून यकृत हेप्सिडिन नावाचं हार्मोन बनवतं, आणि हेप्सिडिन आतड्यातून लोह आत यायचा दरवाजा बंद करतं, साठवलेलं लोहही अडकवून ठेवतं. जंतूंना वाढायला लोह लागतं, म्हणून संसर्गाच्या काळात ही चांगली युक्ती आहे. पण जंतूच नसताना दरवाजा महिनोन्महिने बंद राहिला तर माणसाला अ‍ॅनिमिया होतो. डॉक्टरांनी हे पाच मिनिटांत समजावलं तेव्हा मावशी म्हणाली, “म्हणजे मी आळशी नाहीये ना? सासूबाई म्हणायच्या तसं?” नाही मावशी, तू आळशी नव्हतीस.

लंडनमधले दोन डॉक्टर आणि एक वेडी कल्पना

टीएनएफचा शोध मुळात कॅन्सरच्या मागे लागून लागला. १८९० च्या दशकात न्यूयॉर्कचे सर्जन विल्यम कोली कॅन्सरच्या रुग्णांना मुद्दाम जिवाणू टोचून बघत होते, कारण मोठा ताप येऊन गेल्यावर काही गाठी विरघळल्याचं त्यांच्या लक्षात आलं होतं. १९७५ मध्ये न्यूयॉर्कलाच लॉइड ओल्ड यांच्या गटाने उंदरांच्या रक्तात ते काम करणारा पदार्थ दाखवला आणि नाव दिलं ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, म्हणजे गाठ मारणारा घटक. टीएनएफ हे त्याचंच संक्षिप्त रूप. १९८५ मध्ये कळलं की लांबलेल्या आजारात माणसाला खंगवणारं ‘कॅकेक्टिन’ म्हणून जे प्रथिन दुसरे लोक अभ्यासत होते, ते हेच. नाव कॅन्सरविरोधी हिरोचं आणि काम भलतंच, असा हा प्रकार.

१९८० च्या दशकात लंडनच्या केनेडी इन्स्टिट्यूटशी जोडलेले मार्क फेल्डमन आणि रवींद्र नाथ मैनी आमवाताच्या सांध्यात काय काय सापडतं ते बघत होते. मैनी यांचा जन्म १९३७ चा, लुधियानाचा. आजारी सांध्यात त्यांना सायटोकाइनची अख्खी जत्राच सापडली. त्यामुळे तेव्हाचे बरेच जाणकार म्हणत होते की इतके मेसेज एकाच वेळी चालू असताना एक अडवून काय होणार? बाकीचे त्याची जागा घेतील. ऐकायला पटण्यासारखं आहे. व्हॉट्सअ‍ॅपचा एक ग्रुप म्यूट केला म्हणून फोन शांत होत नाही.

त्यांनी ते तपासून पाहिलं. रुग्णांच्या सांध्यातल्या पेशी काढून काचेच्या भांड्यात वाढवल्या. या पेशी भांड्यातही मेसेज सोडत राहतात. त्यात टीएनएफला पकडून ठेवणारी अँटिबॉडी टाकली, तर आयएल-१ पण खाली आलं. फिओनुला ब्रेनन आणि सहकाऱ्यांचा हा प्रयोग १९८९ मध्ये छापून आला. नंतर इतर मेसेजही तसेच उतरतात असं दिसलं. म्हणजे ही जत्रा सगळ्यांची सारखी नव्हती. टीएनएफ वरच्या पायरीवर बसून खालच्यांना उठवत होतं. दुसरीकडे ग्रीसमध्ये जॉर्ज कोलियास यांच्या गटाने १९९१ मध्ये माणसाचं टीएनएफ जास्त बनवणारे उंदीर तयार केले, आणि त्या उंदरांना आपोआप संधिवात झाला.

मग माणसांवर प्रयोग. टीएनएफ अडवणारी औषधं त्या काळात सेप्सिसवर, म्हणजे रक्तात पसरलेल्या संसर्गावर, वापरून पाहिली जात होती आणि तिथे ती चालली नाहीत. तशीच एक अँटिबॉडी, जिला पुढे इन्फ्लिक्सिमॅब हे नाव मिळालं, १९९२ मध्ये लंडनच्या चेरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये आमवाताच्या २० रुग्णांना दिली गेली. बाकीच्या औषधांनी हार मानलेले हे लोक होते. सूज उतरली, सीआरपी उतरला. पण त्यात सगळ्यांना खरं औषधच मिळालं होतं, म्हणून लोक म्हणू शकत होते की मनाचा परिणाम असेल. १९९४ मध्ये छापलेल्या पुढच्या चाचणीत ७३ रुग्ण होते, कोणाला काय मिळालं ते डॉक्टर-रुग्ण दोघांनाही माहीत नव्हतं. चार आठवड्यांनी ठरलेल्या मापाने सुधारणा दिसली ती अशी: खोटं औषध मिळालेल्या २४ पैकी २ जणांत, आणि मोठा डोस मिळालेल्या २४ पैकी १९ जणांत.

हे आकडे मी मावशीला वाचून दाखवले. ती म्हणाली, “आणि उरलेले पाच?” त्याच्याकडे येतो.

औषध संपलं की आजार परत येतो, हेही तेव्हाच दिसलं. म्हणजे हा इलाज मेसेज अडवतो, चुकीची ओळख पुसत नाही. मॅक्रोफेज टीएनएफ बनवतच राहतात, फक्त ते रस्त्यात पकडलं जातं. फेल्डमन आणि मैनी यांना २००३ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला.

औषधाच्या नावातच माहिती असते

तुम्हाला फाइलचं एक्सटेन्शन बघायची सवय असेल तर हे आवडेल. नावाच्या शेवटी ‘मॅब’ असेल तर ती प्रयोगशाळेत बनवलेली एकसारखी अँटिबॉडी आहे. मॅबच्या आधीचं अक्षर ती कशापासून बनली ते सांगतं. इन्फ्लि-क्सि-मॅब मधला ‘क्सि’ म्हणजे उंदीर आणि माणूस यांचं मिश्रण. टोसिलि-झु-मॅब मधला ‘झु’ म्हणजे बहुतेक सगळं माणसाचं केलेलं. अ‍ॅडॅलिम-यु-मॅब मधला ‘यु’ म्हणजे पूर्ण मानवी. परका भाग जितका कमी तितकी शरीर औषधालाच शत्रू समजण्याची शक्यता कमी. २०१७ नंतरच्या नव्या नावांत हे अक्षर घालणं बंद झालं, पण जुन्या नावांत ते आहेच. ‘सेप्ट’ ने संपणारं नाव असेल, जसं इटॅनरसेप्ट, तर तो खोटा रिसेप्टर आहे. मेसेज पेशीवर बसण्याऐवजी या आमिषावर जाऊन बसतो.

ही सगळी मोठी प्रथिनं असल्यामुळे पोटात गेली तर पचून जातील, म्हणून इंजेक्शन किंवा सलाइनमधून द्यावी लागतात. गोळी हवी असेल तर दुसरा मार्ग आहे. मेसेज बाहेर अडवण्याऐवजी तो पेशीच्या आत वाचला जाताना अडवायचा. आयएल-६ सारख्या बऱ्याच सायटोकाइनच्या रिसेप्टरला आतून जॅक नावाची एन्झाइम जोडलेली असतात. टोफासिटिनिब ही गोळी ती अडवते. अमेरिकेत २०१२ मध्ये तिला परवानगी मिळाली, भारतात ती आता जेनेरिक स्वरूपातही मिळते. टीएनएफचा रिसेप्टर जॅक वापरत नाही, म्हणजे दोन्ही औषधं एकाच आजारावर वेगवेगळ्या दारातून जातात. गोळी आहे म्हणून साधी समजू नका. २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या आणि कॅन्सरच्या धोक्याबद्दल तिच्यावर कडक इशारा टाकला.

उरलेले पाच

एकच मेसेज अडवून सगळ्यांचं भागत नाही. आमवात हे एकच नाव असलं तरी कोणाच्या सांध्यात टीएनएफ मुख्य असतं, कोणाच्या आयएल-६. टोसिलिझुमॅब हे आयएल-६ चा रिसेप्टर अडवणारं औषध ओसाकाच्या तादामित्सु किशिमोतो यांच्या गटाच्या कामातून आलं, आणि टीएनएफच्या औषधाला दाद न देणारे काही रुग्ण त्याने सुधारतात. कोविडच्या काळात टीव्हीवर हेच नाव ऐकलेलं आठवत असेल, ‘सायटोकाइन स्टॉर्म’ या शब्दासोबत.

आजार बदलला की हिशोब आणखी बदलतो. सोरायसिसमध्ये आयएल-२३ आणि आयएल-१७ मोठे असतात. आयएल-१७ अडवणारं सेक्युकिनुमॅब सोरायसिसमध्ये त्वचा अक्षरशः साफ करतं. मग क्रोन्स या आतड्याच्या आजारातही आयएल-१७ वाढलेलं दिसतं, तिथेही चालेल असं वाटलं होतं. चाचणी झाली, २०१२ मध्ये निकाल आला, आणि औषध मिळालेल्यांची अवस्था उलट जास्त वाईट. आतड्यात तोच मेसेज अस्तराची राखण करत होता. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये टीएनएफ अडवून पाहिलं, १९९९ मध्ये निकाल छापला, तिथेही आजाराचे झटके वाढले. आणि हे तर मला अजून विचित्र वाटतं: इन्फ्लिक्सिमॅब आणि इटॅनरसेप्ट दोन्ही टीएनएफच अडवतात, दोन्ही आमवातात चालतात, पण क्रोन्समध्ये पहिलं चालतं आणि दुसरं नाही. ल्यूपसमध्ये पुन्हा वेगळंच, तिथे इंटरफेरॉनचा आवाज मोठा असतो, आणि तो अडवणारं अ‍ॅनिफ्रोलुमॅब २०२१ मध्ये आलं.

म्हणून ‘सायटोकाइन वाईट असतात’ असं लिहिलेला फॉरवर्ड आला तर तो खोटा, आणि ‘इम्युनिटी बूस्ट करा’ हाही अर्धवट. इम्युनिटीला एकच व्हॉल्यूमचं बटण नसतं की वर केलं की बरं वाटेल. मावशी दोन वर्षं रोज काढा आणि कसली तरी पावडर घेत होती, इम्युनिटी वाढावी म्हणून. त्याशिवाय एका ठिकाणहून आणलेली ‘वाताची पुडी’ होती, जिने दोन दिवसांत जादूसारखं बरं वाटायचं. डॉक्टरांनी पुडीचं ऐकल्याबरोबर कपाळाला हात लावला. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, आणि तसं असेल तर ती एकदम बंद करणंही धोक्याचं, कारण बाहेरून मिळत राहिल्यावर शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं. तुमच्या घरात कोणी असं काही घेत असेल तर लाजू नका, तपासायला जाताना ती पुडी सोबत न्या.

टीबीची तपासणी आधी का?

मावशीला आधी मेथोट्रेक्सेट दिलं. जगभर आमवाताची सुरुवात बहुतेक याच जुन्या, स्वस्त गोळीने होते आणि बऱ्याच जणांना तेवढं पुरतं. तिला पुरलं नाही. मग डॉक्टर म्हणाले, अ‍ॅडॅलिमुमॅब सुरू करू, पण आधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची रक्त तपासणी. मावशी घाबरली. “मला खोकला पण नाही, टीबी कशाला?”

इथे टीएनएफची दुसरी बाजू समोर येते. आपल्या देशात खूप लोकांच्या शरीरात टीबीचे जंतू झोपलेले असतात. ते आजारी नसतात, कोणाला लागणही देत नाहीत. पांढऱ्या पेशी त्या जंतूंभोवती कडं करून बसलेल्या असतात, त्या गाठीला ग्रॅन्युलोमा म्हणतात. आणि ते कडं टिकवायला सतत एक मेसेज लागतो, तो टीएनएफ. औषधाने तो अडवला की कडं सैल होतं. इन्फ्लिक्सिमॅब बाजारात आल्यावर थोड्याच काळात अमेरिकेच्या नियामकाकडे टीबीच्या ७० केसेस जमा झाल्या, २००१ मध्ये ते छापून आलं. बऱ्याच जणांत टीबी फुफ्फुसाबाहेर पसरलेला होता. तेव्हापासून आधी तपासणी हा नियम आहे. हेपटायटिस बी चीही करतात.

मावशीची रक्त तपासणी पॉझिटिव्ह आली, एक्स-रे साफ. म्हणजे आजार नाही, झोपलेले जंतू आहेत. तिला आधी महिनाभर टीबी प्रतिबंधाचं औषध दिलं आणि मगच पहिलं इंजेक्शन. प्रतिबंधाचा कोर्स पुढेही चालू राहिला. तो महिना वाईट गेला. बोटं सुजलेली, सकाळी दीड-दोन तास मूठ वळत नव्हती, आणि नातेवाईक फोन करून विचारायचे की “औषध आहे तर देत का नाहीत?” पण ते थांबणं बरोबर होतं.

खर्चाचं थोडक्यात सांगतो. मूळ कंपनीची ही औषधं फार महाग असतात. अ‍ॅडॅलिमुमॅबची जगातली पहिली बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतंजुळतं बनवलेलं औषध, डिसेंबर २०१४ मध्ये भारतातच, अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने आणली. त्यानंतर पर्याय वाढले. तरीही महिन्याचा खर्च जाणवतोच, त्यामुळे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा की कोणता ब्रँड, किती काळ, आणि बरं वाटल्यावर दोन इंजेक्शनमधलं अंतर वाढवता येईल का. आपल्या मनाने मात्र वाढवू नका.

फोनचा उपयोग, आणि माझी चूक

कोणाला शंका असेल तर खुणा या आहेत: सकाळी उठल्यावर अर्धा-एक तासापेक्षा जास्त आखडलेपण, हाताच्या बोटांचे आणि मनगटाचे छोटे सांधे, दोन्ही बाजूंना, सूज दिसणारी, आणि सहा आठवड्यांपेक्षा जास्त. झिजेमुळे होणारी सांधेदुखी सहसा काम केल्यावर वाढते, ही आराम केल्यावर वाढते. ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट गाठा. तिथे जाताना रोज सकाळी मूठ वळायला किती मिनिटं लागली ते नोट्समध्ये लिहिलेलं असेल आणि सुजलेल्या हाताचे चार फोटो असतील, तर डॉक्टरांना खूप मदत होते. तपासणीच्या दिवशी नेमकी सूज कमी असते, हा सगळ्यांचा अनुभव.

आता चूक. मेथोट्रेक्सेट आमवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज नाही. चुकून रोज घेतलं तर रक्तपेशी कमी होतात, तोंड सोलवटतं, माणूस दगावूही शकतो. हे मला माहीत होतं. तरी मावशीच्या फोनवर औषधाच्या आठवणीचं एक अ‍ॅप टाकून देताना मी रविवार रात्र नऊ असं निवडलं, सेव्ह केलं, आणि खाली ‘रिपीट’ मध्ये ‘रोज’ हे आधीपासून निवडलेलं होतं ते बघितलंच नाही. सोमवारी रात्री नऊला तिचा फोन आला: “अरे, हे परत वाजतंय. आज पण घ्यायची का रे?”

तिने विचारलं म्हणून वाचलो. त्या रात्री मी ते अ‍ॅप काढून टाकलं. आता साध्या कॅलेंडरमध्ये दर रविवारची नोंद आहे, नोंदीच्या नावातच ‘फक्त रविवार’ लिहिलंय, पाकिटावर मार्करने तेच लिहिलंय, आणि मेथोट्रेक्सेटची पट्टी बाकीच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवत नाही. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी वेगळ्या दिवशी, तिचा वेगळा अलार्म, वेगळ्या आवाजाचा. तुमच्या घरी कोणाचं हे औषध चालू असेल तर आत्ता त्यांच्या फोनमधलं ‘रिपीट’ उघडून बघा.

सहाव्या इंजेक्शननंतरची पीडीएफ मागच्या आठवड्यात आली. सीआरपी ६, हिमोग्लोबिन १०.८. सोबत व्हॉइस मेसेज नव्हता, टाइप केलेला मेसेज होता, मराठी कीबोर्डवरून, दोन चुका असलेला. बोटं दुखत होती तेव्हा ती टाइप करत नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.